पो नगर आईची शाल

तीर्थरूप मुक आजीस,

होआनचा पायांवर डोके ठेवून नमस्कार. तुझे गुडघे, बकऱ्या आणि आपल्या देवळाचा मनोरा, तिन्ही उभी असतील अशी आशा आहे. (मामा, आजीला वाचून दाखवताना कंसातले मनातच वाचा.)

माझी नोकरी उत्तम चालली आहे. राहील की नाही एवढेच सांगता येत नाही. मंगळवारी आई आमचे संग्रहालय पाहायला आली. इथे आपल्या देवीच्या, पो नगर आईच्या, दगडी मूर्तीपुढे अभ्यासक तासन्‌तास तिच्या उघड्या खांद्यांची वळणे वाखाणतात. आई म्हणाली, "अगं, हिची वस्त्रं कुठायत?" मी म्हटले, घडवलीच अशी आहे. "घडवली असेल! पण अशी चारचौघांत कधी उभी केली होती का? देवळात एकच दार, तेही पूर्वेला. इथे समोर मुतारी, आणि डोक्यावर रात्रंदिवस दिवा. बाई झोपते कधी?" याचे उत्तर फलकावर आहे का, हे मी पाहू लागले (फलक मीच लिहिलाय, तरी खात्री केलेली बरी), तेवढ्यात आईने अंगावरची शाल देवीला गुंडाळली, गाठ मारली आणि पुटपुटत अर्पणही करून टाकली.

अर्पण केलेले वस्त्र तुझ्यासारख्या पुजारिणीनेच देवीला स्नान घालून उतरवायचे, हे मी तुला काय सांगावे! पण संचालक खोआत साहेबांना सांगावे लागले. ते म्हणाले, "एवढी शिकलीस ना? दगड आहे तो. सोड गाठ." मी म्हटले, साहेब, माझा विश्वास नाहीच, पण आपणच सोडा. ते तरातरा पुढे गेले, गाठीपर्यंत हात नेला, आणि त्यांना आठवले की सुनेला सातवा महिना लागलाय. पहारेकरीही दगडच मानतो, पण त्याने सकाळीच लॉटरीचे तिकीट घेतले होते. मी नोंदवहीत खरे तेच लिहिले, 'माझ्या आईची शाल'. साहेबांनी ते खोडून 'दमट हवेपासून संरक्षक आवरण' असे केले. सोमवारी वरचे साहेब तपासणीला येतात. तोवर आवरण निघाले नाही, तर मला कायम करण्याच्या कागदावर सही होणार नाही.

बाकी सर्व क्षेम. तू मुळीच काळजी करू नकोस.

तुझी,
होआन

ता. क. रविवारी देवीला स्नान घालून शाल उतरवायला येशील का? तांदळाची दारू, विडे, अंडी आण. बकरा नको, फरशी नवी आहे. साहेब याला 'सांस्कृतिक प्रात्यक्षिक' म्हणणार आहेत, तू हसू नकोस.

आणखी एक. आत्ताच साहेब एकटेच माझ्या टेबलाशी येऊन गेले. स्नान घालताना देवीच्या कानावर त्यांची सायगॉन शहरातली बदली घालशील का, असे विचारत होते. देवाकडे असली वशिलेबाजी शिकल्यासवरल्या माणसाला शोभत नाही, हे माझे ठाम मत आहे. तरी घाल. फक्त क्रम चुकवू नकोस: आधी माझ्या कागदावर सही, मग त्यांची बदली.