शॉकच्या गोतावळ्यातले शब्द

सोमवार, ३ फेब्रुवारी
आठवीला शॉकच्या गोतावळ्यातले इंग्रजी शब्द शिकवायला घेतले. पहिल्याच तासाला एकाने लिहिलं — 'आय ॲम शॉकिंग'! धक्का ज्याला बसतो तो शॉक्ड, जी बातमी धक्का देते ती शॉकिंग, हे सांगता सांगता घसा बसला.

अशी बातमी आमच्याच घरात आहे. काल नागपूरला बळीरामकाका गेले, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ. बाबांना कळू द्यायचं नाही असं ठरलंय. त्यांचं हृदय नाजूक. डॉक्टरांनी बजावलंय, "बाबूजी को कोई शॉक नहीं लगना चाहिए." माझा नवरा सिद्धेश नागपूरला गेला — बाबांसाठी 'बँकेच्या ट्रेनिंगला'! आमच्या मुलाला, तनयला, पुण्याला कळवलं आणि बजावलं, आजोबांना फोन करू नकोस. त्याच्या पोटात काही राहत नाही.

बुधवार, ५
स्टार्टल म्हणजे दचकणं. कुकरच्या शिटीनेही होतं, लगेच ओसरतं. अस्टॉनिश म्हणजे थक्क होणं, ते चांगल्या गोष्टीलाही चालतं. स्टन झालं की वाचाच बसते. अपॉलमध्ये धक्का आणि वर संताप. प्रत्येक धक्क्याचं माप वेगळं! मजा वाटली. मग लाजही वाटली.

शुक्रवार, ७
तनयचा फोन आला का, बाबांनी आज तिसऱ्यांदा विचारलं. परीक्षा चालू आहे म्हटलं.

सोमवार, १०
बाबा अर्धीच पोळी खातात. सुचतंय ते असं — लहान शब्दापासून सुरू करून हळूहळू मोठ्यापर्यंत न्यावं का त्यांना? आधी 'बरं नाही', मग 'ॲडमिट केलंय'... शाळेतून परतताना, मदन महल स्टेशनवरून रिक्षाने येताना हाच विचार. सिद्धेश परत आला की विचारीन.

मंगळवार, ११
सकाळी चहा ठेवला तर बाबा म्हणाले, "नऊ दिवस झाले, देवापाशी दिवा नाही. सुतक पाळून राहिले न तुम्ही? काहून लपवता? कोण गेलं, तेवढं सांग."

एवढी लपवाछपवी केली, पण सुतकात दिवा लावायचा धीर काही मला झाला नाही.

काकांचं नाव सांगितलं. बाबा माझ्याकडे बघतच राहिले. "म्हणजे तनय नाही?"

"नाही बाबा!"

त्यांनी हात जोडले, देव्हाऱ्याकडे. मग भावासाठी रडले.