ह्यांचा आकडा

१२ ऑगस्ट, मंगळवार
सकाळपासून चार ब्लाउज. अस्तर कमी पडलं, इतवारीच्या बाजारात जावं लागणार.
दुपारी ह्यांचा फोन वाजला. मेसेज. "अभिनंदन श्यामराव! तुमचा क्रेडिट स्कोअर १७ गुणांनी वाढून ७४८ झाला आहे."
हे जाऊन सहा महिने झाले. चौतीस वर्षांच्या संसारात ह्यांचं पोट सोडून काही वाढलं नाही, आणि आता अभिनंदन. एकटीच हसले. मग बराच वेळ सुईत दोरा ओवता येईना.
तो फोन मी चालू ठेवलाय, कारण बँकेचे ओटीपीचे नंबर त्याच्यावर येतात. आणि बँकेला अजून कळवलेलंच नाही.

१४ ऑगस्ट
डोक्यातून जात नाही. स्कोअर म्हणजे उधारी देण्याआधी माणसाला देतात ते मार्क, एवढं मला कळतं. पेपर लिहिल्याशिवाय मार्क वाढत नाहीत. ह्यांच्या नावानं पेपर कोण लिहितंय?
मीच की. ह्यांचं डेबिट कार्ड मी वापरते. सक्करदऱ्याच्या एटीएममधून, महिन्या-दोन महिन्यांनी. पिन माझी जन्मतारीख, म्हणजे कधी नव्हे ते त्यांच्या लक्षात राहिली. खात्याला वारस लावलेला नव्हता. वकील म्हणाला कोर्टाचा कागद लागेल, दिरांच्या सह्या लागतील, वर्ष जाईल. तेव्हा पल्लवीच म्हणाली, "आई, कार्ड आहे, पिन माहीत आहे, काहून धावपळ करून राहिली? सगळेच करतात." आईला लेकीचं लवकर पटतं.
पण मी कार्ड घातलं की तिकडे नोंद होत असेल का? माणूस गेला आणि त्याचं कार्ड फिरतंय, हे कुणी बसून बघत असेल का?

१७ ऑगस्ट, रविवार
शेजारच्या चौधरी भाऊजींकडे गेले. बँकेत कॅशियर होते, आता दिवसभर गॅलरीत पेपर. वहिनींचा ब्लाउज द्यायचं निमित्त केलं. म्हटलं, एका मैत्रिणीनं विचारायला सांगितलंय. ती नवऱ्याचं डेबिट कार्ड वापरते, त्यानं त्याचा तो स्कोअर हलतो का?
भाऊजी खुलले. कुणी काही विचारलं की खुलतातच. "काही संबंध नाही वहिनी. आपलाच पैसा आपणच काढून राहिलो, त्यात कोणाची उधारी? दिवसातून दहा वेळा कार्ड घासा, आकडा जागचा हलत नाही. कर्ज घेतलं, हप्ते टाइमावर भरले, तर तो वर जाते. हप्ता चुकला का खाली. बस."
जीव भांड्यात पडला. चहा घेतला, वर पोहे पण खाल्ले.
निघताना मागून म्हणाले, "मैत्रिणीले सांगा वहिनी, ते कार्ड आता बंद कर म्हणा. गेलेल्या माणसाचं कार्ड वापरणं म्हणजे उद्या भानगड होते."
मैत्रिणीचा नवरा गेलाय असं मी म्हटलंच नव्हतं.

१८ ऑगस्ट
काल भांड्यात पडलेला जीव आज सकाळी पुन्हा बाहेर. कार्डानं आकडा हलत नाही. मग हलला कशानं? कर्ज फेडलं की वाढतो म्हणाले. ह्यांनी जन्मात एकच गोष्ट हप्त्यानं घेतली, टीव्ही. ते हप्ते मागच्या दिवाळीलाच संपले.
मग कोण फेडतंय, आणि काय.
संध्याकाळी लेकीला, प.ला, फोन केला, पुण्याला. ऑफिसातून आली होती. मेसेजचं सांगितलं. मग म्हणाली, "आई वं, ते जाहिरातीचं असते सगळं. डिलीट करत जा. अन् कोणाले दाखवू नको."
जाहिरात कुणाला दाखवली तर काय बिघडतं?

२३ ऑगस्ट, शनिवार
अस्तर आणायला इतवारीला गेले आणि आज पोळ्याचा पाडवा, मारबतीची मिरवणूक, हे साफ विसरले. गर्दीत तासभर चेंगरले. सगळे ओरडत होते, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" मीही ओरडले. इतक्या मोठ्यानं की शेजारची बाई माझ्याकडे वळून बघायला लागली.
दुकानं बंद. अस्तर नाहीच.

२ सप्टें.
मशीनची मोटर जळली. नवरात्राच्या ऑर्डरी तोंडावर आणि मशीन ठप्प. ह्यांच्या खात्यातून नऊ हजार काढले.
एटीएमच्या चिठ्ठीवर शिल्लक चार हजार काहीतरी. माझ्या अंदाजानं तीसच्या जवळपास हवी होती. दीर ह्यांच्या वाट्याचे संत्र्याच्या बागेचे पैसे याच खात्यात टाकतात, त्यातून मी काय काढलं ते मला पाठ आहे. मागची बाई "झालं का काकू?" म्हणाली तेव्हा भानावर आले. चिठ्ठी ब्लाउजात ठेवली. घरी येऊन पुन्हा वाचली. तेवढीच.

८ सप्टें., सोमवार
साडेअकराला ह्यांच्या फोनवर फोन. कुठल्याशा फायनान्सवाल्यांचा.
"श्यामरावजी बोलून राहिले का?"
असे फोन आले की मी 'बाहेर गेलेत' म्हणते. सवय झालीये. आज तोंडातून निघालं, "झोपलेत."
"तब्येत ठीक आहे ना? साहेबांचा हप्ता बाऊन्स झाला पाच तारखेले. खात्यात बॅलन्सच नव्हता. असं कधी होत नाही त्यांचं. दर महिन्याले मेसेज जाते आपला."
"कसला हप्ता?"
"ते साहेबांले माहीत आहे. कधी उठतील?"
मी म्हटलं, "उठले की सांगते."
फोन ठेवला आणि मोरीत जाऊन थंड पाण्यानं तोंड धुतलं. दोनदा.

९ सप्टें.
दर महिन्याला मेसेज जातो म्हणाला, मग मला एकही कसा दिसला नाही? आज मशीन बंद ठेवली आणि फोन घेऊन बसले. मेसेजांत वर कोपऱ्यात तीन टिंबं असतात. ती दाबली. आत 'ब्लॉक केलेले' म्हणून एक वेगळा कप्पा. तिथे सगळे होते, बँकेचेही आणि त्या फायनान्सवाल्यांचेही. कुणीतरी ओळीनं गप्प बसवलेले.
सगळ्यात खालचा २१ एप्रिलचा. टीव्हीच्या वेळी मिळालेल्या हप्त्यांच्या कार्डावर खरेदी, लॅपटॉप, चौऱ्याहत्तर हजार, बारा हप्ते, मंजुरीचा नंबर अमुक.
२१ एप्रिलला मी नरखेडला जाऊबाईंकडे होते. हा फोन घरी होता. घरी प. होती. हे गेल्यावर ती रजा घेऊन आली आणि मग इथूनच काम करत राहिली, एप्रिल संपेपर्यंत.
"कंपनीनं नवीन लॅपटॉप दिला आई!" मी तो देवापुढे ठेवला होता. आपण हळदकुंकू लावायचं नाही म्हणून चौधरी वहिनींना हाक मारून आणलं होतं. पेढे मी आणले होते.
म्हणजे असं: मे ते ऑगस्ट चार हप्ते ह्यांच्या खात्यातून गेले, म्हणून ह्यांचा आकडा वाढला. पाचवा मी कार्ड घालून नऊ हजार काढले म्हणून गेला नाही. भाऊजी म्हणतात, डेबिट कार्डाचा काही संबंध नाही. इतरांच्या घरी नसेल.

११ सप्टें.
राग येतोय. लॅपटॉपचा नाही. "आई, मला पाहिजे" एवढं म्हणाली असती तर पाटल्या मोडल्या असत्या, कुणाला पत्ता लागू दिला नसता. ह्यांचे दिवस होऊन दोन महिने नव्हते झाले. बापाच्या नावाचा नंबर तिनं बापाच्याच फोनवर वाचला. हात कसा नाही कापला?
आज विचारलं. सरळ नाही, मला सरळ विचारता येत नाही. "लॅपटॉप बरा चालतो ना वं? कंपनीचाच आहे ना तो?"
"हो. असं काहून विचारून राहिली?"
"सहज."
"आई, मले मीटिंग आहे." फोन बंद.

१२ सप्टें., शुक्रवार
मृत्यूचा दाखला पिशवीत घालून बँकेत गेले. रांगेत सात माणसं. माझ्यापुढे एक उरला तेव्हा उलटी फिरले.
फेब्रुवारीत गेले म्हटलं की पहिला प्रश्न, मग कार्ड कोण वापरतंय? दुसरा, एप्रिलमध्ये लॅपटॉप कुणी घेतला? दोन्हीची उत्तरं आमच्याच घरातली. माझं मी बघून घेईन, म्हातारीला कोण काय करणार. पण तिची नोकरी जाईल. पोलिसांत गेलं तर लग्न कुठलं. सव्वीस वर्षांची पोर.
शिपाई म्हणाला, "काकू, काम झालं नाही का?" म्हटलं, कागद घरी राहिला. खोटं आता मागायच्या आत तयार असतं.

१४ सप्टें.
"श्यामराव, तुमचा स्कोअर ५७ गुणांनी घसरून ६९१ झाला आहे. काळजी घ्या."
त्यांनाच काळजी घ्यायला सांगतात.

१६ सप्टें., मंगळवार
तो फायनान्सवाला घरी येऊन गेला. सकाळी फोन करून सांगितलं होतं, बाराला येतो. चाळिशीचा, हातात हेल्मेट, बोलायला गोड.
तो येण्याआधी मी ह्यांच्या फोटोचा हार काढला. मग वाटलं, नुसता फोटो तरी कशाला. तोही काढून कपाटात, कापडाच्या गठ्ठ्याखाली. हे लिहायची लाज वाटतेय पण केलं ते केलं.
भिंतीवर खिळा आणि फोटोएवढा पांढरा चौकोन राहिला. तो पाणी पिता पिता तिकडेच बघत होता.
"साहेब?"
"नरखेडला गेलेत. शेतावर."
"असं का." पुन्हा चौकोनाकडे नजर. "साहेबांचं रेकॉर्ड लई चांगलं आहे काकू. एकच हप्ता हुकला. भरून टाका, म्हणजे माझंही डोकं शांत, तुमचंही. पुढं मोठं कर्ज घरबसल्या मंजूर होते. साहेबांले सही कराले यायचीही गरज नाही. फोनवर नंबर येते, तो टाकला का झालं."
"साहेबांना भेटायचं नाही का तुम्हाला?"
हसला. "हप्ता भेटला का साहेब भेटले."
त्याला माहीत आहे. माझी खात्री आहे, त्याला माहीत आहे, आणि त्याला चालतंय. गेल्यावर कडी लावली. फोटो परत लावला, हार घातला, पण ह्यांच्याकडे बघवलं नाही. दिवसभर तिकडे पाठ करून शिवत बसले.

१७ सप्टें.
शिलाईच्या पैशातून सात हजार ह्यांच्या खात्यात भरले. पैसे भरायच्या मशीनमध्ये, त्यांचंच कार्ड घालून. पडद्यावर आलं, 'धन्यवाद श्यामराव'.
कालपर्यंत मला माहीत नव्हतं असं म्हणता आलं असतं. आता नाही.
त्या कप्प्यातले सगळे मेसेज मी पुन्हा चालू केलेत. येऊ देत समोर. प.ला हे सांगितलेलं नाही.

२२ सप्टें.
घट बसले. ऑर्डरी इतक्या की मान मोडली, बरं वाटलं. प.चा दोन दिवस फोन नाही. मी केला तर कट करते आणि लिहिते, 'बिझी'. दसऱ्याला ये म्हटलं. 'बघते.' गणपतीलाही बघतेच म्हणाली होती.

२५ सप्टें.
तिच्या ऑफिसात फोन करावा म्हणून नंबर शोधला. ती नोकरीला लागली तेव्हा ह्यांनीच वहीच्या मागे लिहून ठेवला होता. फोनवरच्या मुलीनं दोनदा नाव विचारलं. मग म्हणाली, "त्या जूनमध्येच सोडून गेल्या, मॅडम."
ऑगस्टात मला म्हणाली, ऑफिसातून आले. परवा म्हणे बिझी. कुठे असते ही दिवसभर? खाते काय? राहते कुणाबरोबर? खोलीचा पत्ता आहे माझ्याकडे, पण तोही तिनंच सांगितलेला.
रागबिग सगळा गेला. नुसती भीती उरली आहे.

२८ सप्टें., रविवार
दुपारी साडेतीन. ह्यांच्या फोनवर मेसेज. "श्यामराव, तुमच्या ५,००,००० रुपयांच्या कर्जाच्या मंजुरीसाठी हा नंबर टाका. दहा मिनिटे चालेल. कुणालाही सांगू नका." खाली सहा आकडे.
पुरता वाचला पण नव्हता, तेवढ्यात माझ्या फोनवर प.
"आई, बाबांच्या फोनवर एक नंबर आला असेल बघ. वाचून दाखव ना."
"कशाचा?"
"नंतर सांगते. आधी वाच."
"पल्लू, तू रडून राहिली का?"
"नाही. वाच ना वं आई, लवकर."
मागून पुरुषाचा आवाज. "कितना टाइम लगेगा?" मला म्हणाली, "आई, प्लीज." लहानपणी अंधारात हाक मारायची, तसा आवाज.
"तू घरी ये," म्हटलं. "आजच्या गाडीत बस. काही विचारणार नाही. मला सगळं माहीत आहे तरी विचारणार नाही."
हळूच म्हणाली, "नंबर दे, मग येते. नाही तर येता येणार नाही."
विचारलं, म्हणजे काय? मागून कुणीतरी खुर्ची सरकवली.
म्हटलं, थांब, चष्मा सापडत नाहीये. माझा फोन कापडावर उपडा ठेवलाय. वेळ काढायला हे लिहितेय. पाच मिनिटं झाली. फोन चालूच आहे, तिचा श्वास ऐकू येतोय. मध्येच म्हणते, "आई? सापडला का?"
चष्मा माझ्या डोळ्यांवर आहे.