राणीचं स्वगत आणि मधेच आलेला फोन

४ मार्च, सकाळी

ठरलं. ऑडिशन द्यायची.

नवं नाटक, मोठी संस्था, मुख्य भूमिका. चाळिशीतली, लग्न न केलेली, वडिलांना सांभाळणारी बहीण. लेखिकेने मला चोरून पाहूनच लिहिलेली दिसते. जाहिरातीत म्हटलंय, दोन स्वगतं बसवून आणावीत, एक गंभीर, एक हलकंफुलकं. अभिनय सहज असावा. सहजतेबद्दल मला कुणी शिकवायला नको. कॉलेजच्या स्पर्धेत माझ्या किंकाळीवर शेवटच्या रांगेतला परीक्षक उठून उभा राहिला होता. तो घरी निघाला होता, असं मैत्रिणी म्हणतात. मैत्रिणी म्हणणारच.

निर्धार: रोज पहाटे आवाजाचा व्यायाम. गोड बंद. बाबांवर चिडायचं नाही.

५ मार्च, दुपारी, दवाखान्यात

पहाटे उठले नाही. विचारपूर्वक. ताजा चेहरा हेच अभिनेत्रीचं भांडवल.

व्यायाम दवाखान्यात उरकला. दाताच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनला बसण्याचा फायदा हा की बाहेर निम्मा वेळ शांतता असते. आ, ई, ऊ, खालच्या पट्टीतून वरच्या पट्टीत. तिसऱ्या ‘आ’ला दोन पेशंट उठून निघून गेले. डॉक्टर हातमोजे घालूनच बाहेर आले आणि कुणाला दुखतंय ते विचारलं. कुणालाच नाही, म्हटलं. ते म्हणाले, आतल्या गृहस्थांनी तोंड मिटून घेतलंय आणि आता उघडायला तयार नाहीत.

डॉक्टर चांगले आहेत, पण कलेचं अंग नाही.

चहाबरोबर केक खाल्ला. एका पेशंटचा वाढदिवस. नाही म्हणणं उद्धटपणाचं झालं असतं.

७ मार्च

गंभीर उतारा मिळाला. मुलगी वडिलांच्या पार्थिवाशी बोलते. एका जुन्या एकांकिकेतला, पान फाटकं, पण दुःख शाबूत.

समोर पार्थिव हवं. बाबा दुपारी आडवे असतातच. त्यांना हलू नका म्हणून विनंती केली. पेपर वाचू देणार असशील तर पडतो, म्हणाले. मान्य केलं. माझा गळा अगदी दाटून आला आणि तेवढ्यात त्यांनी पान उलटलं. तरी मी सोडलं नाही. ‘बाबा, एकदाच डोळे उघडा’ या वाक्यावर त्यांनी पेपरावरून बघितलं आणि काय हवंय विचारलं.

बाबांनी आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केले. त्यामुळे समीक्षाही त्याच भाषेत. म्हणाले, आवाज फाटतोय, व्हॉल्यूम कमी कर. मी म्हटलं, शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला हवं. त्यांनी कानातलं मशीन काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, आता कर, आता छान वाटतंय.

चिडले नाही. फक्त दार जरा जोरात लागलं.

१० मार्च

पार्थिव रद्द. जिवंत माणसासमोर असलं काही करू नये, असं शेजारच्या काकूंचं मत. मलाही तेच वाटत होतं, त्या आधी बोलल्या एवढंच.

नवी निवड: राणी. किल्ल्याला आग लागलीय, सरदार फितूर झालेत, राणी तटावर एकटी उभी राहून शत्रूला सुनावते. यात संताप, हास्य, विलाप, सगळं येतं. शिवाय शेवटी तलवार. तलवार नाही, पण छत्री आहे.

आणखी एक आनंदाची बातमी. दादा रविवारी बाबांना महिनाभर घेऊन जातोय. म्हणजे घर मोकळं, राणी आणि मी.

१३ मार्च, रविवार

दादा येत नाहीये. सकाळी मला मेसेज आला. वहिनीचं बरं नाही, बाबांना तूच सांग, म्हणे. गेलं वर्षभर हे असंच चाललंय आणि सांगायचं काम दर वेळी माझ्याकडे.

बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीत बसले होते. मी सांगितलं, दादाकडे पाण्याची लाइन फुटलीय, अख्ख्या घरात पाणी, नुसता गोंधळ. थोडे हातवारे केले. पाणी कुठवर आलंय तेही दाखवलं. बाबा लगेच म्हणाले, अरे अरे, मग नको जायला.

एका शब्दाची शंका नाही. प्रेक्षक असा जिंकावा लागतो. हा प्रसंग बघायला ऑडिशनवाले कुणी नव्हते, हीच खंत.

१५ मार्च

हलकाफुलका उतारा बसवला. एक बाई दुकानात एकाच मापाचे वेगवेगळे बूट घालून बघते आणि शेवटी स्वतःचीच चप्पल हरवते. धमाल आहे. संध्याकाळी काकूंना करून दाखवला. काकू गंभीर होत गेल्या. संपल्यावर त्यांनी माझा हात हातात घेतला आणि नोकरी गेली का ते विचारलं.

हसू आतून येऊ दिलं की ते खोल जातं. काकूंच्या बाबतीत जरा जास्तच खोल गेलं.

राणीचा सराव मात्र जोरात. छत्री एकदा उघडली.

१८ मार्च, संध्याकाळी

उद्या ऑडिशन. आवाज बसलाय. पूर्णपणे नाही, घोगरा झालाय. राणी आगीच्या धुरात उभी आहे हे लक्षात घेता उलट बरंच.

बाबा म्हणाले, उद्या तिथे जाऊन साधं बोल. मी समजावून सांगितलं की साधं बोलायला दवाखाना आहे, त्यासाठी कुणी रंगमंच बांधत नाही. बाबांनी विचार केला आणि गरम पाणी पी म्हणाले.

१९ मार्च, दुपारी

सगळं क्रमाने लिहिते. पुढे मुलाखतीत विचारतील तेव्हा उपयोगी पडेल.

हॉल थंडगार. टेबलामागे तिघं: दिग्दर्शक, लेखिका आणि सतत लिहिणारी एक सहायिका. आधी बुटांचा उतारा केला. तिघंही एकदम शांत. मधे लेखिकेने दिग्दर्शकाकडे बघितलं, पुढे दोघंही टेबलाकडे बघत राहिले. संपल्यावर दिग्दर्शकाने विचारलं की गंभीर झाला, आता हलकाफुलका करता का. मी सांगितलं, हाच हलकाफुलका होता. ते म्हणाले, अच्छा.

राणीसाठी पवित्रा घेतला, छत्री उचलली आणि पर्समधला फोन वाजला. दादा. दादा कधी फोन करत नाही, फक्त मेसेज करतो, त्यामुळे न घेऊन चालणार नव्हतं. मी माफी मागितली. दिग्दर्शक म्हणाले, घ्या, घ्या.

भिंतीकडे तोंड करून बोलले. कोण ऐकतंय याचं भानच नव्हतं. बोलले ते साधारण असं:

“हं, दादा, बोल. सगळं बरं आहे ना?... हो, मी बाहेर आहे. सांग... या रविवारीही नाही. बरं... नाही रे, चिडत नाहीये. तुझ्या अडचणी असतील, मी कुठे नाही म्हणतेय. फक्त या वेळी तू सांग त्यांना. मला आता कारणं सुचत नाहीत, दादा. पाहुणे येऊन गेले, पाण्याची लाइन फुटली, रंगकाम दोनदा झालं. तुझं घर मी आणखी किती वेळा रंगवू?... काही म्हणत नाहीत ते. तेच तर. ‘बरं’ म्हणतात. आणि पुढच्या रविवारी परत दाढी करून बसतात... नाही, रडत नाहीये. घसा बसलाय. तू जेवलास का?”

फोन ठेवला, वळले. सहायिकेने लिहायचं थांबवलं होतं. व्यत्ययाचा परिणाम. मी पुन्हा माफी मागितली. दिग्दर्शकाने अगदी हळू विचारलं, हे आत्ताचं पुन्हा करून दाखवाल का. जसं होतं तसं.

मला हसूच आलं. म्हटलं, सर, तो माझा भाऊ होता. हे नुसतं बोलणं. अभिनय अजून व्हायचाय.

लेखिका म्हणाल्या, राणी राहू दे, आम्हाला हेच बघायचंय. पण मी इतके दिवस घोटलेलं सोडणार थोडीच. ‘दोनच मिनिटं’ म्हणाले आणि किल्ला पेटवला. संताप काढला, हास्य काढलं, विलाप काढला. तलवार उपसताना छत्री पुन्हा उघडली, पण मी ती ढाल म्हणून वापरली. प्रसंगावधान.

संपल्यावर दिग्दर्शक डोळे मिटून बसले होते. भारावले की काही लोकांचं तसं होतं. कळवतो म्हणाले.

मला वाटतं, काम झालं.

२४ मार्च

कळवलं नाही. मोठ्या संस्थांना वेळ लागतो. डॉक्टरांना सांगून ठेवलं की पुढच्या महिन्यात मला तालमींसाठी सुट्टी लागेल. त्यांनी हवी तेवढी घ्या म्हटलं. इतकं मोठं मन मला अपेक्षित नव्हतं.

दादाने बाबांना फोन केला नाही. शेवटी मीच सांगितलं, पुन्हा रंगकाम. या वेळी आतल्या खोल्या. बाबा म्हणाले, बरं.

२८ मार्च, दुपारी

सहायिकेचा फोन. भूमिका दुसऱ्या मुलीला दिली. ती माझ्यापेक्षा लहान आहे, केसांना रंग लावून चाळिशीची करणार. मी चाळिशीची आयती होते, पण असो. नाट्यक्षेत्रातल्या राजकारणाबद्दल ऐकून होते.

पण पुढचं ऐकण्यासारखं. माझं फोनवरचं बोलणं लेखिकेला नाटकात घालायचंय. माझी परवानगी हवीय. आणि एकदा तालमीला येऊन मी ते कसं बोलले, ते त्या मुलीला दाखवायचं.

म्हणजे शिकवायला बोलावलंय. भूमिका काय, कुणालाही मिळते. मार्गदर्शन मोजक्याच लोकांकडे मागतात. परवानगी दिली. रात्री आरशासमोर तयारी करणार. त्या दिवशी मी फार सपाट बोलले होते, बऱ्याच जागा सुटल्या होत्या. त्या भरून काढायच्या.

१ एप्रिल, संध्याकाळी

तालमीला जाऊन आले.

मी करून दाखवलं. ‘किती वेळा रंगवू’ला आवाज वर नेला, ‘दाढी करून बसतात’ला गुडघ्यावर बसले, ‘जेवलास का’ला हुंदका. दिग्दर्शकांनी आभार मानले आणि खुर्ची दिली. मग त्या मुलीने केलं. कुणाच्या तरी मोबाइलवर माझं त्या दिवशीचं बोलणं तिने बघितलं असावं असं वाटलं, पण कुणी शूट केलंच नव्हतं. सहायिकेने नुसतं सांगितलं होतं. भिंतीकडे तोंड, पर्स खांद्यावर, आवाज इतका खाली की मला पुढे सरकून ऐकावं लागलं. हात नाही, डोळे नाहीत, काही नाही. मी दिग्दर्शकांच्या कानात म्हटलं, ही मुलगी काहीच करत नाहीये. ते म्हणाले, हो ना.

घरी आले ती फणफणतच. बाबांनी कसं झालं विचारलं. म्हटलं, कसलं काय, नुसती उभी राहून पुटपुटते. काय पुटपुटते, त्यांनी विचारलं. मी पर्सही न काढता भिंतीकडे वळले आणि तिची नक्कल करून दाखवली. हं दादा, बोल. या रविवारीही नाही. मला आता कारणं सुचत नाहीत. पाण्याची लाइन फुटली, रंगकाम दोनदा झालं, तुझं घर मी आणखी किती वेळा

तिथे लक्षात आलं की मी कुणासमोर बोलतेय.

वळायचं धाडस होईना. मागून पेपरची घडी घातल्याचा आवाज आला. बाबा म्हणाले, “पहिल्याच रंगकामाला कळलं होतं. तुला खोटं बोलता येत नाही. लहानपणीही यायचं नाही.”

मी विचारलं, मग दर रविवारी तयार होऊन का बसता.

“तू इतकं जीव तोडून सांगायचीस,” ते म्हणाले, “म्हटलं, एका माणसाने तरी विश्वास ठेवावा.”

लाइन फुटली तेव्हाचं ते ‘अरे अरे’ आठवलं. कपाळावरची आठी आठवली. एवढी बारीक आठी मला आरशात कधी जमली नाही.

मग ते म्हणाले, उद्या दादाला मीच फोन करतो. पोराला उगाच अवघडल्यासारखं होतंय, त्याला मोकळं करू. काय सांगणार, विचारलं. ते जरा खुर्चीत सरकले, हात गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाले, “अरे, गुडघ्याने घात केलाय बघ. दोन पावलं टाकवत नाहीत. तुझ्याकडे जिने. पुढच्या वर्षी बघू.”

औषधांच्या कपाटातून मलम काढून मी परत आले, झाकण उघडलं, खाली बसून त्यांची पँट वर दुमडायला लागले. तेव्हा ते हसले.

गुडघ्याला काहीही झालेलं नाही.

मलम तसंच हातात होतं. माझ्याच मानेला लावलं. तालमीत गुडघ्यावर बसताना कुठेतरी लचकली असावी.