गाडी कोणासाठी

१६ नोव्हेंबर, रविवार

अनंताच्या मोटरसायकलवर आज बसलो. फक्त बसलो. माळावर नेऊन स्टँड काढलं आणि सगळा भार पायांवर आला तेव्हा वाटलं, या वयात हे नको होतं. सायकलसुद्धा कधी चालवली नाही. आमच्या लहानपणी वाडीत सायकल कोणाकडेच नव्हती; चढ नाहीतर उतार, चालवणार कुठे. पन्नाशीला आलेला माणूस पाय टेकत टेकत गाडी ढकलतोय, आणि गुरं चरायची थांबून बघतायत.

अनंता म्हणाला, "शांत्या, तिला घाबरू नको. ती तुलाच घाबरलीय."

शिकायला तर हवंच. पावसात वरच्या वळणावर रस्ता खचला तेव्हापासून एसटी वाडीत येत नाही. सुमनला सोमवारी न् गुरुवारी महाडला डायलिसिसला न्यायचं म्हणजे फाट्यापर्यंत चालत, तिथून मिनीडोर, पोलादपूरहून एसटी. जाताना जमतं. येताना फाट्यापासूनचा चढ तिला होत नाही. मध्ये मध्ये दगडावर बसते. मी शेजारी पिशवी धरून उभा. अनंताचा टेम्पो कशेडीपलीकडे गेला नसेल तर तो मोटरसायकल घेऊन खाली येतो. सख्ख्या भावासारखा आहे, पण दर वेळी त्याला किती सांगायचं.

२० नोव्हें., गुरु.

शिकाऊ लायसन्स निघालं. पोलादपूरच्या केंद्रातली मुलगी फोटो काढताना म्हणाली, "काका, थोडं हसा." हसलो असेन. फोटोत दिसत नाही.

पक्कं लायसन्स होईपर्यंत मागे कोणाला बसवायचं नाही. जिच्यासाठी शिकतोय तिलाच नाही. सुमनला सांगितलं तर म्हणते, "बरंच हाय. आधी तुमी पडून घ्या." बऱ्याच दिवसांनी थट्टा केली. नुकतीच मशीनवरून उठली होती, ओठ पांढरे पडलेले.

२३ नोव्हें., रवि.

पडलो. क्लच एकदम सुटला, गाडी उडाली, मी बाजूला. गुडघा सोलला. गाडीला काही नाही, तेवढं देवाने राखलं.

परत येताना कोणती घ्यायची त्याचं बोलणं निघालं. माझं मन स्कूटरवर आहे. गिअर नाही, पुढे पाय ठेवायला जागा, बैठक खाली. अनंताच्या गाडीवर चढताना सुमनला बांधावर उभं राहावं लागतं, आणि पाय सुजले असले की बांधावरही चढवत नाही. अनंताला हे पटत नाही. "आपल्या चढाला दोन माणसं घेऊन स्कूटर रडंल. चाकं बारकी. पावसात त्या खचलेल्या वळणावर गेलास की बसलास खाली." तो चुकीचं बोलत नाही. पण तो रस्त्याचा विचार करतो आणि मी

जाऊ दे. पैशांची सोय आहे, तो प्रश्न नाही. गाडी एकदाच घेणार.

२७ नोव्हें., गुरु.

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. सुमनने पहाटे घट मांडला, उपास धरला. डॉक्टरांनी केळं, नारळपाणी, सगळं बंद केलंय. उपासाला खायचं काय? म्हणाली, "देवीला ठाव हाय." देवाच्या कामात मी कोणाला अडवत नाही, तिला तर नाहीच.

ती मशीनवर होती तेवढा वेळ महाडमध्ये गाड्या बघत फिरलो. एका शोरूममध्ये करड्या रंगाची स्कूटर आहे. हाताने बैठक दाबून पाहिली. विकणारा पोरगा बोलका. "काका, कोणासाठी घेताय?" म्हटलं, घरासाठी. "काकूंना आणा की एकदा, बसवून बघू."

२ डिसेंबर, मंगळ.

आता माळाला फेरी मारता येते. दुसऱ्या गिअरपर्यंत. अनंता बांधावर बसून विडी ओढतो आणि ओरडतो, "समोर बघ रे, चाकाकडं काय बघतोस, पळून जाणाराय काय?" वाऱ्याने डोळ्यांत पाणी येतं. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि बरं वाटलं म्हणून मग वाईट वाटतं.

रात्री जेवताना सुमनला करड्या स्कूटरचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. पाण्याचा पेला ठरलेला आहे, त्यातलाच घोट घेतला, खाली ठेवला. मग म्हणाली, "स्कूटर नको. मोटरसायकल घ्या."

"तुला चढता येईल का?"

"माझं सोडा. खताची गोणी कशावर आणाल? भात गिरणीत कशावर नेणार? स्कूटर काय माळापर्यंत जाते?"

म्हटलं, गोणी आणतोच आहे की आजवर डोक्यावरून.

"आजवर मी होते उतरवून घ्यायला."

मग भांडी आवरायला उठली. मी ताटावरच बसून राहिलो. ती भांडणाच्या सुरात बोलली असती तर बरं होतं. सरळ बोलली, शेतात कोणत्या कोपऱ्यात काय पेरायचं ते सांगते तशी.

५ डिसें., शुक्र.

दोन-तीन दिवस हेच डोक्यात. ती निवडतेय ती गाडी माझ्या एकट्याची आहे. मी निवडतोय ती तिची. दोघांचं म्हणणं बरोबर कसं असेल? तिचं ऐकलं तर मी मान्य केलं असं होतं. नाही ऐकलं तर तिच्या जिवाला लागेल, की एवढंही ऐकत नाहीत.

लेकीचा मुंबईहून फोन. तिला काही सांगितलं नाही. "बाबा, हेल्मेट आधी घ्या" म्हणाली.

रविवारी गावदेवी काळकाईला कौल लावतो. घर बांधताना लावला होता, लेकीच्या लग्नाला लावला होता. आपल्याला सुटत नाही ते तिच्यापुढे ठेवायचं. इथे सगळे तसंच करतात.

७ डिसें., रवि.

सकाळी अंघोळ करून देवळात गेलो. गुरवकाका होते, आणखी दोघं-तिघं पारावर. काकांनी विचारलं, "काय विचारायचं, शांताराम?" म्हटलं, उजवीकडे स्कूटर, डावीकडे मोटरसायकल, असं लावा. ते म्हणाले, "असं लावत नाय. देव काय दुकानात बसलाय? एकच विचार. होय असंल तर उजवा देईल."

मग विचारलं, स्कूटर घेऊ का. काकांनी फुलाचे कळे पाण्यात भिजवून मूर्तीला दोन्ही बाजूंना लावले, गाऱ्हाणं घातलं. कधी कधी घटकाभर थांबावं लागतं. आज त्यांचं गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत डावा कळा पडला. टपकन. उजवा हललासुद्धा नाही.

काका म्हणाले, "झालं. मोकळा झालास."

मी तसाच उभा. म्हटलं, पुन्हा एकदा लावता येईल? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "एका गोष्टीला दोनदा लावत नाय, तुला ठाव हाय." खरंच ठाऊक होतं. ताटात कळे अजून उरले होते. ते म्हणाले, "दुसरं काय विचारायचं असंल तर विचार. सुमनचं विचारतोस?"

"नको" म्हटलं. इतक्या घाईने म्हटलं की पारावरच्यांनी मान वळवली.

लांबच्या वाटेने घरी आलो. मोटरसायकल घे असं देवी म्हणाली, म्हणजे सुमनच्या बाजूने बोलली. म्हणजे तिलाही दिसतंय का, जे सुमनला दिसतंय? की कळा नुसता ओला होता आणि पडला? असं आजवर मनात आलं नव्हतं. देवीपुढे बसून माफी मागितली. पण मनात येतंच.

विचारायलाच नको होतं. उत्तर झेपणार नसेल तर कौल लावू नये.

८ डिसें., सोम.

मी घरी बोललो नव्हतो. पण वाडीत कौल लपतो थोडाच. फाट्यावर मिनीडोरची वाट बघताना सुमन म्हणाली, "स्कूटरला डावा दिला म्हणे." म्हटलं, हो. "मग आता मोडू नका." म्हटलं, नाही मोडणार. ती रस्त्याकडे बघत होती. "मीसुद्धा देवीला सांगून ठेवलं होतं," म्हणाली.

काय सांगून ठेवलं होतं, ते विचारलं नाही.

११ डिसें., गुरु.

आज सुमन महाडला आली नाही. सगळी तयारी करून दारात आलो तर ती घटापुढे बसलेली. "आज नाय जायचं. गुरुवार हाय, घरात राहू दे एक दिवस." समजावलं. रागावलो. मग पाया पडतो म्हटलं तेव्हा तिने हात धरला. "चढ होत नाय हो. तिकडून आल्यावर दोन दिवस निजून काढायचे, उठलं की परत तोच चढ. कंटाळा आलाय."

अनंताला फोन लावला, तो टेम्पो घेऊन गेलेला. शेजाऱ्यांकरवी सांगून पाहिलं. नाहीच आली.

१३ डिसें., शनि.

रात्रभर पाठीला उशी लावून बसून होती. झोपलं की धाप लागते. सकाळी पाय दाबला तर बोट रुतलं. काहीही न बोलता लुगडं नेसली. अनंताने टेम्पोच आणला, पुढे बसवून महाडला नेलं. डॉक्टर तिला रागावले नाहीत, मला रागावले. बरोबर आहे.

बाहेर बाकावर अनंता म्हणाला, "वहिनी गाडीची वाट बघत असंल." म्हटलं, नाही. ती गाडी स्वतःच्या माघारीची धरून बसलीय. तो बराच वेळ विडी हातातच धरून बसला, दवाखाना म्हणून पेटवता येईना. मग एवढंच म्हणाला, "शांत्या, तू परीक्षा पास हो आधी."

२३ डिसें., मंगळ.

महाडला आरटीओचा कॅम्प. आठचा आकडा काढायचा, पाय टेकायचा नाही. रांगेत सगळी कॉलेजची पोरं. एकाने विचारलं, "आजोबा, रिन्यूअल का?" म्हटलं, नाही रे, पहिलंच. तो ओशाळला, मग मला पुढे जा म्हणाला.

आठ निघाला. पाय टेकला नाही. साहेबांनी मान हलवली. पास.

सुमनने देवापुढे साखर ठेवली, मला दिली. स्वतः दाणाभर जिभेवर ठेवली.

२९ डिसें., सोम.

डायलिसिसच्या आधी तिला शोरूमला नेलं. शंभर सीसीची काळी मोटरसायकल, सगळ्यात हलकी, सगळ्यात कमी उंचीची, अनंताने पसंत केलेली. करडी स्कूटर तिथेच बाजूला उभी. मी तिकडे बघितलं नाही. सुमनने बघितलं. बैठकीवर हात ठेवला, काढला.

पोराने मोटरसायकलपुढे प्लास्टिकचं स्टूल आणलं. तिने पदर खोचला, माझा खांदा धरला, बसली. हात अगदी हलका. लग्नात माझा हात धरला होता तेव्हा भाऱ्यांनी घट्टे पडलेला तळवा होता, जड.

पोरगा लिहून घेत होता. "काका, लेडीज फूटरेस्ट लावायचा? रुंद येतो, काकूंना पाय ठेवायला बरा. आणि बाजूला धरायचं हँडल."

सुमन वरूनच म्हणाली, "नको. उगाच लोखंड. गोणी टाकताना आड येईल."

मी म्हटलं, "लावा."

"अहो, कशाला."

"लावा," पुन्हा म्हटलं. पोरगा पेन धरून दोघांकडे बघत होता. शोरूममध्ये आवाज चढला असेल माझा, कारण आतला मालक बाहेर डोकावला. देवीने मोटरसायकल सांगितली, ती घेतो आहे. सुमनने सांगितली, तीच घेतो आहे. फूटरेस्टचं कोणी काही सांगितलेलं नाही. तेवढं माझं.

पोराने लिहिलं. सुमन उतरली. दवाखान्यापर्यंत माझा हात न धरता चालली. सुई टोचताना मात्र नेहमीसारखा माझा हात शोधला.

११ जानेवारी, रवि.

गाडी घरी आली. फाट्यापर्यंत अनंताने आणली, तिथून वर मी. खचलेल्या वळणावर पहिला गिअर टाकला, दगड उडाले, पण चढली. वर काळकाईला नारळ फोडला, गुरवकाकांनी गंध लावलं. दुसरं काही विचारलं नाही त्यांनी, मीही.

सुमनने ओवाळलं. भाकरतुकडा उतरून टाकला. मग वाकून फूटरेस्ट पाहिला. त्यावर बसलेली लाल धूळ पदराने पुसली. बाकीची गाडी तशीच धुळीने भरलेली.

परवापासून तिची भूक कमी झालीय. गुरुवारी आली होती, पण येताना फाट्यावर खालीच बसली आणि उठेना. काल लेकीशी फोनवर बोलली. "मी आता कंटाळलेय गो." मी गोठ्यात होतो, मला ऐकू येत नाही असं तिला वाटलं.

उद्या सोमवार. दुपारी विचारलं, उद्या आपल्या गाडीवर जाऊ ना? ती तांदूळ निवडत होती. निवडतच राहिली. म्हणाली, "सकाळी बघू."

अंगण उतरतं आहे, गाडी वळवायला जागा नाही. दिवस मावळायच्या आत अनंताला हाक मारली. दोघांनी मिळून, एकाने मागून धरून, गाडीचं तोंड रस्त्याकडे केलं. सुमन ओटीवर उभी होती.