दारातलं पाणी

९ मार्च

अहो,

तुमचं पत्र पोचलं. खोकला गेला हे वाचून आईंना बरं वाटलं. मलाही वाटलं, पण तुमची आई असताना माझा नंबर दुसरा. इकडे सगळं ठीक. आईंचा गुडघा कुरकुरतो, जीभ मात्र ठणठणीत आहे.

जाळ्यांच्या खोलीत आता अळंब्या उगवतात, हे मागे लिहिलं होतं. त्यावर तुम्ही फक्त 'कशावर?' एवढंच विचारलंत. तर ऐका. ज्या जलपर्णीनं तळं झाकून तुमची मासेमारी बंद पाडली, तिच्यावरच. मुळं कापून टाकायची, सगळी घाण तिथे बसते. देठ बोटभर चिरून वाळवायचे, भिजवायचे, उकळत्या पाण्यातून काढायचे आणि पूर्ण निवले की अळंबीचं बियाणं मिसळून पिशव्या भरायच्या. पिशव्या तुमच्या जाळ्यांच्या आकड्यांना टांगल्यात. जाळी माळ्यावर अख्खी आहेत, उगाच छातीत धस्स होऊ देऊ नका.

पहिल्या खेपेला हात भाजत होता तरी मी बियाणं घातलं. ते मेलं, पिशव्या हिरव्या पडल्या आणि गल्लीभर वास सुटला. तुम्ही असता तर म्हणाला असता, "घाई, नाव शोभतं हो तुला." लग्नानंतर आठवड्याभरात तुम्ही ठेवलेलं हे नाव आता कोणी घेत नाही. आई 'अगं' म्हणतात, बाकीच्यांना मी अळंबीवाली.

आता मला थांबता येतं. मूठभर देठ पिळून बघायचे, एक थेंब पडला तरी अजून थांबायचं. मग पांढरे धागे पिशवीभर पसरेपर्यंत वीस दिवस अंधारात हात लावायचा नाही. आईंनी आधी ताट सरकवलं होतं, कुजक्यावरचं मी खायची नाही म्हणाल्या. परवा कांद्यावर परतलेल्या अळंब्या तिसऱ्यांदा वाढून घेतल्या, आणि मग म्हणाल्या, त्यालाही आवडल्या असत्या. पुढचं जेवण दोघींनाही गेलं नाही.

दर पत्रात तुम्ही विचारता, दारातलं पाणी मोकळं झालं का. दर वेळी मी लिहिते, अजून नाही. त्याबद्दल एक सांगायचं राहून गेलंय. राहून गेलंय असं नाही, मी टाळलंय. तीन वर्षांत मी आणि शेजारच्या शिंपीणबाईंनी तुमच्या होडीतून पलीकडच्या काठाची जलपर्णी काढली, वळणावरची काढली, पुलाखालचीसुद्धा काढली. आपल्या पायऱ्यांसमोरची तेवढी ठेवली. शिंपीणबाईंनी विचारलंच, "लांबची ओढून आणतेस आणि दारातली का राखतेस गं?" अडीअडचणीला जवळ असलेली बरी, असं म्हणून मी वेळ मारून नेली.

खरं कारण वेगळं. पाणी मोकळं झालं की येतो, असं सांगून तुम्ही गेलात. त्याआधी 'नुसतं बसण्यापेक्षा जा कुठेतरी' असं मी बोलले होते. तेही घाईतच. दारात जलपर्णी होती तोवर तुम्ही न येण्याचा दोष तिच्यावर टाकता येत होता. पाणी मोकळं झालं आणि तरी तुम्ही आला नाहीत, तर मी बोट कोणाकडे दाखवायचं? या भीतीनं मी तिला जपलं, आणि तुम्हाला 'अजून नाही' लिहीत राहिले.

गेल्या मंगळवारी सकाळी विळा घेऊन पायऱ्या उतरले. चार दिवस लागले. देठ अंगणात वाळताहेत. काल होडी थेट आपल्या पायरीला टेकली. आई गुडघा धरत पायरीपर्यंत उतरल्या. मग म्हणाल्या, "आता त्याला काय लिहिशील?"

तेच लिहिते आहे. पाणी मोकळं आहे. जलपर्णी पुन्हा पसरू बघते, म्हणून रोज सकाळी कडेनं काढते. तुमची फार आठवण येते. वल्ह्याचा आवाज आला की हातातलं टाकून दारात जाते. होडी कोणाची तरी असते, आणि आपली तर पायरीलाच बांधलेली.

'जा' म्हणायला मला क्षणही लागला नव्हता. 'या' म्हणायला तीन वर्षं लागली.

या.

तुमची
घाई