साहेबाच्या हाताखालचं कुत्रं

८ जानेवारी
करमाडचं चित्र आलं, दुरुस्तीला. गोधडीत गुंडाळून, जीपच्या मागच्या सीटवर आडवं. सोबत दिगंबरराव, शेती खात्यातून रिटायर, पंचाहत्तरीच्या पुढं, आणि त्यांची धाकटी बहीण सुलभाताई. दोघं एकाच घरात राहतात. चित्र दोघांचं. वडील डॉक्टर, छावणीतला कुणी इंग्रज पेशंट मायदेशी जाताना देऊन गेला.
अठराव्या शतकातलं, तिकडचंच. साहेब खुर्चीत, डावा हात कुत्र्याच्या डोक्यावर, मागं काळा पडदा. वार्निश पिवळं. खालच्या कोपऱ्यात पोपडे.
कुत्र्याचं नाव मोती. दि.रावांनी लहानपणी ठेवलेलं. आई खरं कुत्रं पाळू देत नव्हती, म्हणून शाळेतून आलं की याच्याशी बोलायचे. जाताना म्हणाले, “मोतीला जपा, मॅडम.”

११ जाने.
कोट साफ. तपकिरी वाटत होता, निघाला लाल. दि.रावांचा फोन, काय लावता? कापसाला थुंकी लावून पुसते, म्हटलं. दोनदा विचारून खात्री केली.

१४ जाने.
कुत्रं पटत नाही. गळ्याजवळची लेस इतकी सुरेख, आणि कुत्र्याचे पाय जमिनीला टेकतच नाहीत. भिंगातून पाहिलं. खालच्या रंगाच्या भेगांमध्ये कुत्र्याचा रंग उतरलाय. म्हणजे पहिला रंग वाळून, तडकून गेल्यावर, बऱ्याच वर्षांनी कुणीतरी दुसऱ्यानं काढलंय.

१५ जाने.
कानाशी नखाएवढी जागा उघडली. खुर्चीचा हात निघेल असं वाटलेलं. बोट निघालं. शेजारी दुसरं, अंगठी असलेलं. बाईचं.
साहेब कुत्र्याला थोपटत नाहीय. कुणाचातरी हात धरून बसलाय.
थांबले. चहा केला.

१८ जाने.
ओळखीनं इन्फ्रारेड फोटो काढून घेतला, वरच्या रंगाखालचं दिसतं त्यात. शेजारी बाई बसलेली. मांडीवर कुत्रं चढवलंय, चेहऱ्यावर पडदा ओढलाय. डोळे कळतात, ओठ नाही. कुणी झाकली, का झाकली, कळायला मार्ग नाही. अंदाज करत बसायचं नाही.

२१ जाने.
दोघांना बोलावून दाखवलं. सु.ताईंनी हुरडा आणलेला. नंतरचा रंग काढता येतो, पण काढला की कुत्रं परत येणार नाही, हे स्पष्ट सांगितलं.
दि.राव लगेच म्हणाले, मग काढू नका. सु.ताई भिंग घेऊन बोटं बघत होत्या. त्यांनी काढा म्हटलं.
मग माझ्याकडं बघून, साध्या आवाजात: “सासरच्यांनी लग्नाचा फोटो नवा करून घेतला. माझ्या जागी कुंडी बसवलीय फोटोवाल्यानं.”
लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी त्या माहेरी परत आल्या, ते करमाडलाच. फोटोचं दि.रावांना माहीत नव्हतं, चेहऱ्यावरून दिसलं. तरी म्हणाले, “माझ्यामागं काढा. तोवर राहू द्या.”
सु.ताई: “म्हणजे तिनं अजून थांबायचं.”
हुरडा तसाच राहिला. मी खाल्ला नंतर.

२४ जाने.
पोपडे चिकटवले. फोन नाही. दोघांची सही लागेल, एकाच्या सांगण्यावरून काही करणार नाही.

२७ जाने.
दि.राव एकटे आले, बसनं. बहिणीला सांगितलं नव्हतं. भिंग मागितलं. लई वेळ वाकून.
सुलभा परत आली तेव्हा घरात कुणी विषयच काढला नाही, म्हणाले. हे तेव्हा नोकरीला, लग्न झालेले. तरी संध्याकाळी चित्रासमोर उभं राहून.. “तिला कधी काही विचारलं नाही. मोतीला सगळं सांगितलं.”
पाणी दिलं. बाबा पेट्रोलपंपाच्या बस-स्टॉपपर्यंत सोडते म्हटलं, नको म्हणाले.
त्यांना सांगावंसं वाटलं की... जाऊ दे.

३० जाने.
सु.ताईंचा फोन. भाऊ-बहिणीचं ठरलं. चेहरा उघडा, कुत्रं राहू द्या.
म्हटलं, ताई, असं चित्र कधी नव्हतंच. आधी बाई होती, कुत्रं नव्हतं. नंतर कुत्रं होतं, बाई नव्हती. शिवाय तिचा हात त्याच्याखालीच राहील.
“कानाशी तुम्ही दोन बोटं उघडलीत, तेवढी राहू द्या,” म्हणाल्या. “बाकी, नव्हतं तर नव्हतं. आता आमच्या घरात असू दे.”
विचार करून कळवते म्हटलं. शिकले त्यात हे बसत नाही. बिघडवणं म्हणतात याला. अर्धवट.
जेवण. थोडी झोप.
दुपारी पडद्याच्या कडेला, चेहऱ्यापासून बरंच लांब, छोटी चाचणी घेतली. काळा रंग सहज सुटतोय, खालचा शाबूत राहतोय.