हाक्याची रेघ

टॅमरॅक फॉल्स,
ऑक्टोबरातला रविवार, चर्चमधून घरी आल्याबरोबर

तीर्थरूप ऑरिनमामा यांना भाचा लायल याचा टोपी काढून नमस्कार.

वि. वि. इकडे मी धडधाकट आहे, निदान उभा तरी आहे. तुमचा गुडघा काय म्हणतो? गस अजून तुमच्याच खुर्चीत बसतो का, आणि तुम्ही अजून त्याला न उठवता स्टुलावर बसता का? कुत्र्याचा एवढा मान आमच्या सभापतींनाही मिळत नाही. हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मला दोन वाक्यांपुढे जाऊ देत नाही. ‘भाषण निवडणुकीला ठेव’ म्हणता आणि फोनच ठेवून देता. पत्राला तसं करता येत नाही. शिवाय मोतीबिंदूमुळे तुमची डाक वेल्मा वाचून दाखवते, हे मला ठाऊक आहे. ती पत्रं टाकायला येते, तुमच्या स्वयंपाकघरात कॉफी घेते आणि विजेच्या बिलापासून बी-बियाण्यांच्या जाहिरातीपर्यंत सगळं खणखणीत आवाजात वाचते. तेव्हा वेल्मालाही नमस्कार. (वेल्मा, काल पोस्टात आपलं ठरलंय ते विसरू नकोस. कंसातलं मनातल्या मनात वाचायचं. मध्येच गप्प का झालीस असं मामांनी विचारलं तर कॉफी गरम आहे म्हण.)

पहिली बातमी मतदारसंघाची. दर दहा वर्षांनी माणसं मोजून झाली की राजधानीत आम्हा आमदारांच्या हद्दी नव्याने आखतात. वाटणीच्या आदल्या दिवशी भाऊ-भाऊ जसे गोड बोलायला लागतात, तसं त्या दिवसांत सगळं सभागृह गोड बोलतं. समितीने एकेकाला आत बोलावलं, टेबलावर भला मोठा नकाशा पसरला, हातात पेन्सिल दिली आणि सांगितलं, तुमच्याकडचा जो मुलूख तोडला तर लोकांचे हाल होतील, त्याच्याभोवती रेघ काढा. माझ्या आधीचा शहाणा माणूस शाळा, दुकानं, वस्त्या बघून रेघ काढून गेला होता. मी पेन्सिल टेकवली आणि मामा, शपथ सांगतो, मला नकाशात ना रस्ते दिसले ना घरं. मला दिसला आपला हाका, हरणं हुसकत नेण्याची आपली ठरलेली वाट. तुम्ही मला नारिंगी कोट घालून पहिल्यांदा नेलंत तेव्हापासून पायात बसलेला. तुमच्या चाऱ्याच्या सायलोपासून निघायचं, दलदलीच्या काठाने जायचं, जुन्या लाकूडगिरणीपाशी वेल्माचा बड उभा, टेकाडावरच्या मचाणावर आपल्या टोळीतला एल्मर, तिथून खाली उतरायचं आणि नदी आली की थांबायचं. नदीच्या या बाजूला गाव आहे, आणि गावाकडे बंदुकीचं तोंड करायचं नाही, हा तुमचा पहिला धडा. हात आपोआप फिरला आणि नदीपाशी आपोआप थांबला. नकाशावाली बाई म्हणाली, किती ठाम रेघ आहे हो तुमची, बाकीचे नुसते खोडरबर मागतात. मीही मेला फुगलो.

महिन्याभराने छापील नकाशा आला. रेघ इंचभरही हलली नव्हती. माझ्या मतदारसंघात तुमचा सायलो आहे, दलदल आहे, गिरणी आहे, टेकाड आहे. नदीच्या अलीकडचं गाव मात्र बाहेर. म्हणजे चर्च बाहेर, शाळा बाहेर, शुक्रवारी तळलेले मासे खायला आपण जातो ती खानावळ बाहेर आणि मेन स्ट्रीटवरचं माझं घरही बाहेर. माणसं कमी पडली म्हणून उत्तरेकडची तीन खेडी जोडून दिली आहेत, तिथे मला कुत्रंसुद्धा ओळखत नाही. या राज्यात असा आमदार दुसरा नसेल, ज्याने स्वतःच्या हाताने, पेन्सिलीला टोक काढून, स्वतःला हद्दपार केलं. गावात तर मला तोंड दाखवायची सोय राहिली नाही. न्हाव्याच्या खुर्चीत बसलो की न्हावी मानेभोवती कापड घट्ट करतो आणि विचारतो, “काय लायल, हरणं मतदानाला रांगेत उभी राहतात का रे, की कळपानेच येतात?” मागून कोणीतरी म्हणतं, “शिंगं असलेली एका खोलीत, नसलेली दुसऱ्या!” हसा, म्हटलं, हसा. निम्म्या गावाने आयुष्यात मला मत दिलेलं नाही, पण आपण लायलच्या मतदारसंघातून गेलो म्हणून सगळं गाव हळहळतंय.

दुसरी बातमी शिकारीच्या कायद्याची. दक्षिणेकडच्या उपनगरांतून निवडून आलेल्या प्रुइटबाई आहेत, त्यांनी विधेयक आणलं की हरणाला ज्याच्या नावाची परवान्याची पट्टी, गोळीही त्याचीच पाहिजे. म्हणजे आज आपल्या टोळीत कुणीही मारलेल्या हरणाला कुणाच्याही परवान्याची पट्टी बांधता येते, ती मुभा बंद. बाई स्वभावाने वाईट नाहीत. कागदावर नाव एकाचं आणि काम दुसऱ्याचं, हे त्यांना पटत नाही एवढंच. (आमच्या सभागृहात बसून हे कसं पटत नाही, हे मात्र मला कळत नाही.) मी उभा राहिलो आणि हरणांची वाढती संख्या, मक्याची नासाडी, रस्त्यावरचे अपघात यांवर असं दणदणीत भाषण ठोकलं की विधेयक मागे घेतलं गेलं. तेव्हा तुमची पट्टी या नोव्हेंबरातही चालणार. काळजी नसावी.

(वेल्मा, खरं सांगतो. भाषणाचे कागद खिशातच राहिले. मी उठलो आणि भलतंच बोलायला लागलो. नाव न घेता सांगितलं की आमच्याकडे एक म्हातारा आहे, त्याने चाळीस वर्षं टोळी चालवली, आम्हा सगळ्यांना बंदूक धरायला शिकवलं. आता त्याला मचाणावरून मचाण दिसत नाही. तो खोपटात चुलीपाशी बसतो, सूप ढवळतो, आणि बाहेर कुणीतरी चाप ओढतं. मग पहिल्या हरणाला त्याची पट्टी बांधून आम्ही ओरडत येतो, ऑरिनचं हरीण, ऑरिनचं हरीण! तुझ्या बडनेच मारलेलं असतं, आणि बड तोंडातून चकार शब्द काढत नाही. गेल्या वर्षी म्हातारा बाहेर आला, हरणाच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, “बघा, मोतीबिंदू असून नेम कसा आहे माझा! आणि बंदूक भिंतीला टेकलेली असताना!” सगळे हसले. मी लाकडं आणायला म्हणून मागच्या दाराने गेलो आणि बराच वेळ आलो नाही. त्या माणसाने जन्मात कुणाची मदत घेतली नाही. कुंपण पडलं तर स्वतः उभं केलं, मामी गेली तर शेजाऱ्यांनी आणलेलं जेवण भांडी घासून परत पाठवलं. एवढी एकच गोष्ट तो आमच्याकडून घेतो, आणि तीही थट्टा करून. ती कायद्याने काढून घेऊ नका, असं मी म्हणालो. प्रुइटबाईंनी चष्मा पुसला.)

तिसरी बातमी पुलाची. तुमच्या घराकडे येणारा लोखंडी पूल पुढच्या उन्हाळ्यात नवा होणार, हे कामांच्या यादीत पक्कं झालं. तुम्हाला वाटेल, एवढं सोपं? छे! तुमची बाजू माझ्याकडे आणि गावाची बाजू शेजारच्या आमदाराकडे जाणार म्हणून मध्यंतरी अर्ध्याच पुलाला मंजुरी मिळत होती. मी तिथल्या साहेबांना विचारलं, अर्धा पूल बांधून माणसाने करायचं काय? साहेब नकाशावरून नजर न काढता म्हणाले, गळ टाकायला बरा पडेल. शेवटी माझं राजधानीत जे काही वजन आहे ते टाकलं आणि पूल या काठापासून त्या काठापर्यंत मंजूर करून घेतला. अर्थात हा हिवाळा जुन्यावरच काढायचा. वेल्माची छोटी गाडी चालते, पण अँब्युलन्सला आणि आगीच्या बंबाला पुलावर मनाई आहे, त्यांना गिरणीकडून लांबचा वळसा. बर्फ पडलं की तो वळसाही बंद.

(वजनाचं खरं असं, वेल्मा. त्या नकाशाला सभागृहात एक मत कमी पडत होतं. मला दुरुस्ती मागता आली असती. पेन्सिल घसरली म्हटलं असतं, गाव परत आत आलं असतं, घर आत आलं असतं, मी जन्मभर निवडून आलो असतो. पण मग नकाशा पुन्हा पहिल्यापासून, आणि बाकीच्यांना ते नको होतं. प्रुइटबाई दाराशी मला गाठून म्हणाल्या, नकाशाला हो म्हणा, मी विधेयक मागे घेते आणि पुलासाठी शब्द टाकते. मी हो म्हणालो. हात वर करताना जड वाटला, खोटं कशाला बोलू? माझी बायको रूथ गेल्यापासून त्या घरात आमदारकी हीच एक बोलणारी गोष्ट होती. खाली बसलो तेव्हा मात्र हलकं वाटलं.)

बाकी बातम्या किरकोळ. एल्मरने नवे बूट घेतले, ते चावतात. डोरीनचा दर रविवारी फोन असतो. तुमची मुलगी तुमच्यावर गेली आहे, फोन ठेवणं तेवढं शिकलेली नाही. (तिने शेवटचं सांगितलंय, वेल्मा. बर्फात अँब्युलन्स येणार नाही, आणि बाबा रात्री एकटे. नोव्हेंबरच्या आधी कुणीतरी तिथे राहायला आलं नाही, तर ती येऊन त्यांना शहरातल्या वृद्धाश्रमात घेऊन जाणार. तिचं चुकत नाही. पण तो माणूस तिथे खिडकीशी बसून दुसऱ्यांची हरणं मोजणार, आणि गसला तिथे ठेवून घेत नाहीत. मी मामांना म्हटलं, तुमच्यासोबत राहायला येतो, तर मलाच बंदुकीने हाकलतील, आणि या वेळी बंदूक भिंतीला टेकलेली नसेल.)

असो. पत्र लांबलं. आमदाराला पत्र लिहायला लावलं की असंच होतं. प्रकृतीला जपा, ऑपरेशनचा विचार करा, आणि वेल्माला दुसरी कॉफी द्या, तिने ती मिळवलीय.

तुमचा आज्ञाधारक (आज्ञा पटली तर) भाचा,
लायल

ता. क. लिहायचं मुख्य काम राहूनच गेलं. मामा, मी अडचणीत आहे. कायद्याप्रमाणे आमदाराला स्वतःच्या मतदारसंघातच राहावं लागतं, आणि माझं घर पडलं बाहेर. आत माझ्या ओळखीचं छप्पर एकच, तुमचं. वरची खोली या हिवाळ्यापुरती द्याल का? हातापाया पडतो म्हणा हवं तर. तुम्ही नाही म्हणालात तर माझी आमदारकी गेलीच समजा, आणि बहिणीच्या मुलाला थंडीत बाहेर ठेवलं ही गोष्ट आईला वर कळल्याशिवाय राहणार नाही.

ता. क. दुसरा. आधीच सांगतो, मी घोरतो. लाकडं फोडणार नाही, ते तुमचं तुम्ही बघा. सूप मात्र तुमच्याच हातचं हवं. आणि गसची खुर्ची मी मागणार नाही.

ता. क. तिसरा. (वेल्मा, हा अख्खा कंसात आहे. मी पुढच्या निवडणुकीला उभा राहत नाही. मंगळवारी पक्षाच्या कार्यालयात जाऊन सांगून आलो. उत्तरेकडच्या शाळेतली जेनेल म्हणून बाई आहे, ती उभी राहील, चांगली आहे. उभं राहायचं म्हणजे सगळा हिवाळा परक्या घरांत कॉफी पीत हिंडायचं, मग रात्री मामांच्या घरात कोण? तेव्हा मला मतदारसंघातल्या पत्त्याची काडीचीही गरज नाही. हे त्यांना सांगू नकोस. डोरीनला मी सांगितलंय, ती फोनवर रडली, पण या वेळी माझ्यावर ओरडली नाही. एवढा वेळ गप्प राहून काय वाचत होतीस असं मामांनी विचारलं, तर म्हण, लायल लिहितो, त्याची आमदारकी तुम्हीच वाचवलीत. त्यावर ते भिंतीला टेकलेल्या बंदुकीकडे बघून हसले, तर त्यांना सगळं कळलं असं समज, आणि दुसरी कॉफी घेऊन उठ. मी शनिवारी पेटी घेऊन येतोय.)